भांडण चौदाशे वर्षांपूर्वीचं, की आजच्या वाटणीचं? वली नस्र यांचा अभ्यास सोप्या भाषेत

२०२५च्या जूनमध्ये इराण आणि इस्रायल यांच्यात बारा दिवस युद्ध चाललं. त्या दिवसांत मोबाइलवर जे मजकूर फिरत होते, त्यांतले बरेचसे एकाच ठिकाणी येऊन थांबत: ‘हे लोक चौदाशे वर्षं भांडतायत, त्यात समजून काय घ्यायचं?’ शिया कोण, सुन्नी कोण, इराण लेबनॉनमध्ये काय करत होता, असं काहीही विचारलं तरी हेच उत्तर. आणि हे फक्त फॉरवर्ड करणाऱ्यांचंच मत नव्हे. जानेवारी २०१६मध्ये अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात खुद्द बराक ओबामांनी पश्चिम आशियातली उलथापालथ हजारो वर्षांच्या संघर्षांत रुजलेली असल्याचं सांगितलं होतं.

या उत्तराची अडचण अशी, की ते कधीच चुकत नाही आणि काहीच सांगत नाही. भांडण इतकं जुनं आहे तर ते १९५०मध्ये का धुमसत नव्हतं आणि १९८५मध्ये का पेटलं? एकाच देशातल्या एका जिल्ह्यात खून पडतात आणि शेजारच्या जिल्ह्यात दोन्ही पंथांची माणसं एकमेकांच्या लग्नाला जातात, ते कसं? वली नस्र या राज्यशास्त्रज्ञाने तीस-पस्तीस वर्षं हे प्रश्न लावून धरले आहेत. इस्लाम आणि राजकारण यांचा अभ्यास करणारा आज त्यांच्याशी सहमत होईल किंवा वाद घालेल, पण त्यांना टाळून पुढे जाणार नाही.

नस्र यांचा जन्म १९६०मध्ये तेहरानला झाला. वडील सय्यद हुसैन नस्र हे नामवंत तत्त्वज्ञ. इराणात शाह यांची राजवट उलथून धर्मगुरूंना सत्तेवर आणणाऱ्या १९७९च्या क्रांतीनंतर हे कुटुंब अमेरिकेत स्थायिक झालं. वली यांनी १९९१मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट घेतली, पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्थेचे ते अधिष्ठाता झाले आणि मधली दोन वर्षं, २००९ ते २०११, अफगाणिस्तान-पाकिस्तानसाठीचे अमेरिकी विशेष प्रतिनिधी रिचर्ड होलब्रुक यांचे सल्लागार होते.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पैगंबरांच्या निधनानंतर समाजाचं नेतृत्व कोणी करायचं, यावरून मुस्लिमांत दोन प्रवाह झाले. नेतृत्व पैगंबरांच्या घराण्यात, म्हणजे जावई अली आणि त्यांच्या वंशजांकडे राहायला हवं होतं असं मानणारे ते शिया. समाजाने मान्य केलेल्या खलिफांची परंपरा मानणारे ते सुन्नी. इ.स. ६८०मध्ये करबलाला अलींचे पुत्र हुसैन मारले गेले. मोहरमचे ताबूत आपल्याकडे गावोगावी निघतात ते त्याच स्मरणात, आणि त्यांना खांदा देणाऱ्यांत सुन्नी असतात, हिंदूही असतात. जगातल्या मुस्लिमांत शिया साधारण १० ते १५ टक्के. इराण, इराक, बहरीन आणि अझरबैजान इथे मात्र ते बहुसंख्य आहेत.

दुसरा शब्द ‘राजकीय इस्लाम’. इस्लाम हा फक्त श्रद्धेचा विषय नसून राज्यही त्याच्याच आधारे चालवलं पाहिजे, असं मानणारी विचारसरणी म्हणजे राजकीय इस्लाम. नमाज पढणारा प्रत्येक माणूस यात येत नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवला तर पुढचं सगळं सोपं आहे.

भाऊबंदकीचं गणित

गावाकडची भाऊबंदकी आठवा. दोन चुलत घरं वर्षानुवर्षं एका विहिरीचं पाणी पाळीने घेतात. आजोबांच्या काळात कधीतरी एकाने दुसऱ्याला भर पंगतीत अपमानित केलेलं असतं. ती गोष्ट दोन्ही घरांत सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यावरून कोणी कोर्टात जात नाही. मग एक दिवस शेजारून महामार्ग जातो, जमिनीचा भाव शंभरपट होतो, सातबाऱ्यावरच्या नावांना अर्थ येतो. आता बांध कोरला जातो, मोजणी मागवली जाते, आणि दोन्हीकडचे लोक सांगू लागतात, ‘यांचं आमचं आजोबांपासूनचं वैर आहे.’

वैर खोटं नसतं. पण भांडण लागलं ते महामार्गामुळे.

नस्र यांच्या जवळपास सगळ्या लिखाणात हा शोध आहे: महामार्ग कुठून गेला? कोणाच्या हातून काय गेलं, कोणाला काय मिळू लागलं, आणि त्या झटापटीत जुनी आठवण कोणी, कशासाठी बाहेर काढली?

औरंगाबादेत जन्मलेला माणूस, लाहोरात स्थापन झालेला पक्ष

त्यांच्या संशोधनाची सुरुवात आपल्या अगदी जवळून होते, आणि मराठी वाचकाला हे क्वचितच सांगितलं जातं म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे. राजकीय इस्लामच्या विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी विचारवंतांपैकी एक, अबुल आला मौदूदी, यांचा जन्म १९०३मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला झाला. वडील तिथे वकिली करत. तो मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इजिप्तमधला कडवा इस्लामी विचारवंत सय्यद कुतुब याच्यापर्यंत ज्याचे विचार पोहोचले, तो माणूस अरबस्तानात नव्हे, मराठवाड्यात वाढला.

नस्र यांनी मौदूदींवर आणि त्यांच्या जमात-ए-इस्लामी या पक्षावर १९९४ आणि १९९६मध्ये दोन ग्रंथ लिहिले. मौदूदींचा विचार हा पाश्चात्त्य आधुनिकतेविरुद्धची प्रतिक्रिया होय, असं तोवर सरसकट सांगितलं जाई. नस्र यांनी वेगळं मूळ दाखवलं. मुघल सत्ता गेलेली, निजामाचं राज्य डळमळीत, काँग्रेसची चळवळ जोरात, मतांच्या राजकारणात संख्येला महत्त्व येऊ लागलेलं. अशा भारतात मुस्लिमांचं काय होणार, ही एका जुन्या खानदानी घरातल्या तरुणाची धास्ती या विचाराच्या मुळाशी होती. जगभर पसरलेल्या विचारसरणीचं बीज भारतातल्या दोन समाजांच्या स्पर्धेत पडलं होतं.

१९४१मध्ये लाहोरला स्थापन झालेली जमात ही निवडक, कडक शिस्तीच्या सदस्यांची संघटना होती. जीनांच्या मुस्लिम लीगला मौदूदींचा विरोध होता, पण फाळणी झाल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि पक्ष निवडणुकीत उतरला. त्यानंतर जे घडलं त्यात नस्र यांना खरा रस आहे. स्त्रीने राष्ट्रप्रमुख होणं मौदूदींच्या शिकवणीत बसत नव्हतं. तरी १९६५च्या अध्यक्षीय निवडणुकीत लष्करशहा अयूब खान यांच्याविरुद्ध जमातने पाठिंबा दिला जीनांच्या बहिणीला, फातिमा जीनांना. आणि १९७०च्या निवडणुकीत राष्ट्रीय सभेच्या ३०० जागांपैकी या पक्षाला मिळाल्या फक्त ४.

म्हणजे क्रांतीची भाषा बोलणारा पक्ष निवडणुकीच्या आखाड्यात आला की इतर पक्षांसारखाच तडजोडी करू लागतो, आणि धर्माच्या नावाने मतं मागितली म्हणून मतं पडतातच असंही नाही. आज हे उघड वाटतं. १९९४मध्ये, इराणची क्रांती ताजी असताना आणि ‘इस्लामी लाट’ हा शब्द सगळीकडे चालत असताना, एका पक्षाचे ठराव, निकाल आणि अंतर्गत वाद तपासून हे दाखवणं मोठं काम होतं. धर्मग्रंथ वाचून पक्ष कळत नाही. पक्ष पक्षासारखाच अभ्यासावा लागतो.

मग इस्लामी कायदे आले कसे?

जमातकडे मतं नव्हती, तरी पाकिस्तानात इस्लामी कायदे आले. कोणी आणले? जुलै १९७७मध्ये सत्ता हातात घेतलेल्या जनरल झिया-उल-हक यांनी. २००१च्या ‘इस्लामिक लेव्हायथन’ या ग्रंथात नस्र यांचं म्हणणं असं, की राज्याचं इस्लामीकरण दरवेळी विरोधक घडवत नाहीत. बऱ्याचदा ते राज्यच घडवतं, स्वतःचं बळ वाढवण्यासाठी. लेव्हायथन म्हणजे बायबलमधला अजस्र जलचर. तत्त्वज्ञ हॉब्जने हा शब्द सर्वशक्तिमान राज्यसत्तेसाठी वापरला होता.

एखाद्या गावात ग्रामपंचायतीचं कोणी ऐकत नाही, पट्टी वसूल होत नाही, पण जत्रेला सगळं गाव लोटतं. चतुर सरपंच काय करेल? जत्रा कमिटीच ताब्यात घेईल. मग वर्गणीही त्याच्या हातात, मानपान ठरवणंही त्याच्याच हातात. कालपर्यंत ‘जत्रा नीट भरवा’ म्हणून ओरडणारे विरोधक रिकाम्या हाती उभे.

झियांनी हेच केलं. जमातचे लोक काही काळ मंत्रिमंडळात घेतले, त्यांच्या मागण्या उचलल्या, आणि १९८४मध्ये विद्यार्थी संघटनांवर बंदी घालून जमातच्या तरुण फळीचेच हातपाय बांधले. मलेशियात महाथीर मोहम्मद यांनी हेच सौम्यपणे केलं: १९८२मध्ये अन्वर इब्राहिम या लोकप्रिय इस्लामी युवक नेत्याला आपल्या पक्षात आणलं आणि पुढच्याच वर्षी इस्लामी बँक व इस्लामी विद्यापीठ सुरू केलं. दोन्ही देशांना वसाहतकाळाकडून दुबळी राज्ययंत्रणा मिळाली होती, आणि दोन्हीकडच्या सत्ताधाऱ्यांना धर्मात तिला टेकू देणारा खांब दिसला. पण मलेशियात भरभराट होत होती. पाकिस्तानात त्याच खांबाने घराला तडा दिला.

जकातीचे अडीच टक्के आणि हीरचं गाव

तो तडा कसा गेला, हे नस्र यांनी अतिशय बारकाईने दाखवलं आहे, आणि त्यांची पद्धत समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जकात म्हणजे मुस्लिमाने आपल्या संपत्तीतून द्यायचं दान. १९८०मध्ये झिया सरकारने वटहुकूम काढून बँकेतल्या बचत खात्यांतून ते २.५ टक्के थेट कापून घ्यायला सुरुवात केली. शिया धर्मशास्त्राप्रमाणे हे दान सरकारने सक्तीने वसूल करायची गोष्ट नव्हे. जुलै १९८०मध्ये हजारो शिया इस्लामाबादेत जमले, त्यांनी सरकारी कचेऱ्यांना वेढा घातला, आणि सरकारला त्यांना सूट द्यावी लागली.

आता हा व्यवहार दोन्हीकडून पाहा. तोपर्यंत पाकिस्तानात शिया की सुन्नी हा घरातला, मजलिशीतला (शियांच्या शोकसभेतला) प्रश्न होता. आता बँकेत प्रतिज्ञापत्र भरताना ‘तुम्ही कोण?’ हे लिहून देणं आलं. सरकारने इस्लामी कायदा आणायचं म्हटल्याबरोबर ‘कोणाचा इस्लाम?’ हा प्रश्न उभा राहिला. लष्करी राजवट नमली, तीही नव्याने क्रांती झालेल्या इराणच्या शेजारात, म्हणून शियांना बळ आलं. आणि नेमक्या त्याच कारणाने कडव्या सुन्नी गटांना धास्ती बसली. जकातीचा पैसा मदरशांकडे वळला, त्यांची संख्या वाढली. सौदी अरेबिया आणि इराण दोघांनीही आपापल्या बाजूला पैसा ओतला.

ठिणगी पडली पंजाबातल्या झंगमध्ये. हीर-रांझ्यातल्या हीरची कबर जिथे आहे, तेच हे झंग. तिथे खेड्यांत मोठे जमीनदार बरेचसे शिया, दर्ग्यांच्या गाद्या सांभाळणारे, पिढ्यान्पिढ्या निवडून येणारे. शहरात मात्र नवा वर्ग वर येत होता: व्यापारी, आडते, फाळणीत पूर्व पंजाबातून आलेली कुटुंबं, आखातात कमावून परतलेले लोक. हे बहुतांश सुन्नी. हातात पैसा होता, पण आमदारकी-खासदारकीची दारं बंद. ‘जमीनदारशाही हटवा’ म्हणण्यापेक्षा ‘शिया हटवा’ म्हणणं सोपं ठरलं. १९८५मध्ये इथेच सिपाह-ए-सहाबा ही संघटना निघाली, आणि पुढच्या दशकात तिच्यातून फुटलेल्या व तिच्या विरोधात उभ्या राहिलेल्या टोळ्यांनी मशिदींत, शियांच्या इमामबाड्यांत माणसं मारली.

महामार्ग दिसला का? करबला दोन्ही घरांत तेराशे वर्षं होतंच. झंगमध्ये १९८५ साली जे नवं होतं ते आखाती पैसा, बंद दारं, जकातीचा वटहुकूम आणि दोन परदेशी सरकारं.

इराकने नकाशा कसा बदलला

सामान्य वाचकांपर्यंत नस्र पोहोचले ते २००६च्या ‘द शिया रिव्हायव्हल’मुळे, म्हणजे शियांच्या पुन्हा उभं राहण्याविषयीच्या पुस्तकामुळे. २००३मध्ये अमेरिकेने सद्दाम हुसैनना हटवलं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये चर्चा होती हुकूमशाही विरुद्ध लोकशाहीची. नस्र म्हणाले, इराकी माणसाला वेगळंच दिसतंय. बहुसंख्य असूनही सत्तेबाहेर राहिलेला शिया समाज प्रथमच राज्य करणार आहे. त्याच एप्रिलमध्ये लाखो शिया पायी करबलाला निघाले. सद्दामच्या काळात अशा यात्रेवर बंधनं होती. जानेवारी २००५च्या निवडणुकीत शिया पक्षांची आघाडी पहिली आली. जॉर्डनचे राजे अब्दुल्ला यांनी आधीच, डिसेंबर २००४मध्ये, ‘शिया चंद्रकोरी’चा, म्हणजे इराणपासून लेबनॉनपर्यंत शियांच्या वर्चस्वाचा पट्टा तयार होण्याचा, इशारा दिला होता. फेब्रुवारी २००६मध्ये समारा इथल्या शिया इमामांच्या समाधीचा सोनेरी घुमट स्फोटात उडवला गेला आणि बगदादच्या गल्ल्यांत पंथ पाहून माणसं मारली जाऊ लागली. त्याच वर्षी हे पुस्तक आलं, आणि गोंधळलेल्या मुत्सद्द्यांना, पत्रकारांना त्यात एक सूत्र मिळालं: एक माणूस एक मत आलं की वाटणी बदलते, आणि वाटणी बदलली की जुनी आठवण जागी होते.

मग श्रद्धेला काही किंमतच नाही का?

ही सर्वांत रास्त शंका. सगळंच सत्ता आणि पैसा असेल तर हुसैनसाठी रडणारी आई खोटी का? मुळीच नाही, आणि नस्र तसं म्हणतही नाहीत. त्याच पुस्तकाचा मोठा भाग शियांचं दुःख, त्यांचे सण, समाध्या, धर्मगुरू यांच्यावर आहे. श्रद्धेतून माणसाला मरायचं बळ मिळतं. पण कोणत्या दिवशी, कोणाविरुद्ध, हे श्रद्धा ठरवत नाही. १९८० ते १९८८ या इराण-इराक युद्धात सद्दामच्या सैन्यातले बहुसंख्य साधे शिपाई शिया होते आणि ते शिया इराणशी लढले. उलट इराणच्या खुझेस्तानातले अरब सद्दामच्या अरबपणाच्या हाकेला धावले नाहीत. शियाबहुल अझरबैजानपेक्षा इराणचं ख्रिस्ती आर्मेनियाशी अधिक जमतं, आणि इराणने पैसा-शस्त्रं पुरवली त्या गटांत पॅलेस्टिनी सुन्नींची हमासही आहे.

स्वतः इराणी, मग निःपक्षपाती कसे?

संशय घ्यायला हरकत नाही. अभ्यासकाचं मूळ कुठलं हे पाहावंच. पण मौदूदी, जमात आणि मलेशियावरचं त्यांचं काम शिया-इराणशी संबंधित नाही आणि ज्या क्रांतीने त्यांच्या घराला देश सोडायला लावला तिचे ते वारस नाहीत. मला त्यांच्यावरची दुसरी टीका जास्त वजनदार वाटते. अभ्यासक आणि सरकारचा सल्लागार या दोन भूमिका एकाच माणसाने केल्या की त्याचं सूत्र धोरण होऊन बसतं. ‘शिया’, ‘सुन्नी’ हे शब्द वॉशिंग्टनच्या टेबलावर गेले की तिथले लोक प्रत्येक प्रश्न त्याच चौकटीत कोंबू लागतात.

याच मुद्द्यावर नादेर हाशेमी आणि डॅनी पोस्टेल या अभ्यासकांनी २०१७मध्ये एक लेखसंग्रह संपादित केला. पंथवाद हा आपोआप उसळत नाही, हुकूमशाही राजवटी तो जाणूनबुजून घडवतात, असा त्याचा रोख आहे. गंमत नव्हे, खरंच लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की पाकिस्तानातल्या पंथवादावरचा नस्र यांचा लेख त्याच संग्रहात आहे. लोकप्रिय पुस्तकातले नस्र आणि झंगवाले नस्र यांत निवडायचं झालं तर मी झंगवाले निवडेन.

एक अंदाज मात्र त्यांचा फसला. युरोपात जसे ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्ष वाढले तसे मुस्लिम देशांतही व्यापारी-मध्यमवर्गाच्या जोरावर मवाळ, निवडणुकीला मानणारे पक्ष वाढतील, असं त्यांनी २००५मध्ये लिहिलं, आणि तुर्कीतला एर्दोआन यांचा पक्ष हे त्यातलं ठळक उदाहरण होतं. पुढे तुर्कीत पत्रकार तुरुंगात गेले आणि २०१७च्या सार्वमताने सगळी सत्ता अध्यक्षाच्या हाती एकवटली. व्यापारी वर्ग वर आला हे खरं ठरलं. तो सत्तेला आवर घालेल हे नाही.

दोन शेतं ओलांडून राखण

२०२५मध्ये आलेला त्यांचा इराणच्या रणनीतीवरचा ग्रंथ हीच पद्धत खुद्द इराणला लावतो. इराण धर्मवेडातून वागतो, हा समज बाजूला ठेवून ते सांगतात, की या राजवटीचं मन घडलं ते इराकशी झालेल्या आठ वर्षांच्या युद्धात. रासायनिक अस्त्रं अंगावर आली तेव्हा जग गप्प होतं. त्यातून घेतलेला धडा असा: शत्रूला आपल्या बांधापर्यंत येऊच द्यायचं नाही, दोन शेतं ओलांडून राखण करायची. लेबनॉनमधली हिजबुल्ला ही सशस्त्र शिया संघटना, इराकमधल्या सशस्त्र टोळ्या, सीरियाचे अध्यक्ष असद यांना दिलेला टेकू हा सगळा त्या राखणीचा भाग. तिचा खर्च इराणी माणसाने निर्बंध, महागाई आणि दडपशाहीच्या रूपात भरला. सप्टेंबर २०२४मध्ये हिजबुल्लाचे प्रमुख हसन नसरल्ला मारले गेले, डिसेंबरमध्ये असद पळाले, आणि पुढच्या जूनमध्ये बॉम्ब थेट इराणवर पडले.

असद गेल्यानंतर सीरियात सुन्नी नेतृत्वाचं सरकार आलं. मार्च २०२५मध्ये किनारपट्टीवर अलावी समाजातल्या शेकडो लोकांची कत्तल झाली. अलावी हे शिया परंपरेतून निघालेले, असद घराणं त्यांचंच. बातम्यांत पुन्हा तेच शब्द आले, चौदाशे वर्षं. नस्र यांच्या वाचकाला मात्र आधी दुसरं दिसतं: पन्नास वर्षं सैन्यात आणि पोलिसांत अलावी मुलं भरती होत होती, डिसेंबरमध्ये ते सैन्यच विसर्जित झालं, पगार थांबले, पण त्या सैन्याने केलेले अत्याचार सोसलेली शेजारची गावं तिथेच होती.